दारावरचा लाल दिवा

"पुढे सरका, पुढे सरका! दारात गर्दी करू नका! उभ्या प्रवाशांनी दांडी घट्ट धरा!"

उशांना टेकून बसलेल्या आजोबांनी पुकारा केला आणि चौघं मुलं हसत हसत त्यांच्या खोलीत घुसली. आजोबांची सगळी हयात बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेली होती. आता हृदयाच्या दुखण्यानं ते हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, अगदी शेवटच्या खोलीत पडून होते. पण आवाज मात्र अजून भरल्या बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा खणखणीत!

"आजोबा, हळू! मोठ्यानं बोलायचं नाही असं सांगितलंय ना तुम्हाला?" मिरी डोळे वटारून म्हणाली.

"बघा, ही आमची नात! हिला मिरी म्हणतात ते काय उगाच? आहे एवढीशी, पण झोंबते!"

सुट्टी लागल्यापासून आई रोज मिरीला आणि तिच्या धाकट्या भावाला घेऊन इथे यायची. भाऊ सतत बहिणीच्या मागे मागे, म्हणून त्याचं नाव पडलं शेपूट. इथेच त्यांना भोंगा भेटला. त्याचे बाबा पाय मोडून समोरच्याच खोलीत प्लास्टरमध्ये पडले होते. भोंग्याच्या गळ्यात सगळं जग भरलेलं होतं. लिफ्टचा दरवाजा, मांजरांचं भांडण, मॅनेजरसाहेबांच्या बुटांची करकर, सगळं तो हुबेहूब काढायचा. आणि चौथी होती काडी. उंच, किडकिडीत. तिची आई याच मजल्यावर नर्स होती. घरी बघायला कोणी नाही, म्हणून सुट्टीभर काडीचीही आईबरोबर ड्यूटी!

"तर मंडळी, उद्याचा बेत ऐका," आजोबांनी आवाज खाली आणला. "डॉक्टरबाईंनी मला बागेत जायची परवानगी दिलीय. चाकांच्या खुर्चीतून. म्हणजे उद्या आपली बस सुटणार! ड्रायव्हर भोंगा. कंडक्टर मी. मिरी तिकीट तपासायला."

"आणि मी?" शेपटानं विचारलं.

"तू शेवटच्या थांब्यापर्यंत घोरत पडलेला प्रवासी! तुला उठवायचं काम काडीचं. आता नियम नीट ऐका. मी एकदा घंटी मारली की थांबायचं. दोनदा मारली की निघायचं. घंटी ऐकू आली नाही तर ड्रायव्हरचं काही खरं नाही!"

"ऐकू येईल हो! आणि हॉर्न मी देतो. नाहीतर हा देऊ?" भोंग्यानं गाल फुगवले. "टिणिंग-टिणिंग-टिणिंग! टिणिंग-टिणिंग!"

अतिदक्षता विभागातल्या यंत्राचा तो आवाज. पेशंटची तब्येत एकदम बिघडली की ते यंत्र असं ओरडायचं. भोंग्यानं तो इतका तंतोतंत काढला की काडीची आई बाहेरून धावतच आत आली. आजोबांना बसलेलं बघून तिनं छातीवर हात ठेवला.

"अरे काय हे! जीव गेला असता माझा! दुसरं काहीही काढ बाबा, पण तो आवाज नको. तो आवाज थट्टेचा नाही."

"चुकलो मावशी," भोंगा खाली मान घालून म्हणाला. पण काडीची आई गालातल्या गालात हसतच होती.

तेवढ्यात कॉरिडॉरमधून खऱ्या बुटांची करकर आली. मॅनेजरसाहेब! त्यांनी आल्या आल्या मजल्यावर दोन गोष्टी सुरू केल्या होत्या. भिंतीभिंतीवर 'शांतता राखा'च्या पाट्या, आणि दुपारी विश्रांतीच्या वेळेला सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढणं.

"चला, चला, वेळ झाली! पेशंटना आराम हवा. बाहेर!"

"उद्या!" आजोबांनी मुलांना डोळा मारला.

---

दुपारी आई औषधं आणायला गेली आणि चौघांनी जिन्यात पत्ते मांडले. जिना आणि कॉरिडॉर यांच्यामध्ये एक काचेचा दरवाजा होता. शेपूट भिडू म्हणून कोणालाच नको होता, म्हणून तो काचेला नाक लावून उभा होता.

"आजोबांचा दिवा लागलाय," तो म्हणाला.

प्रत्येक पलंगाशेजारी एक बटण होतं. पेशंटनं ते दाबलं की त्याच्या खोलीच्या दारावर लाल दिवा लागायचा आणि नर्सच्या टेबलापाशी बेल वाजायची. टेबल होतं कॉरिडॉरच्या वळणापलीकडे. तिथून शेवटच्या खोल्यांचे दिवे दिसायचे नाहीत. पण बेल वाजायची, म्हणून चालून जायचं.

"आई जाईल आत्ता," पत्ते पिसता पिसता काडी म्हणाली.

डाव रंगला. भोंगा हरायला लागला तशी त्याची बडबड वाढली. थोड्या वेळानं शेपूट पुन्हा म्हणाला, "ताई, अजून लागलाय."

आता मिरी उठली. दरवाजा ढकलून आत पाऊल टाकते, तोच समोर मॅनेजरसाहेब.

"कुठे निघालात? वेळ संपली का?"

"काका, माझ्या आजोबांचा दिवा लागलाय. बघा ना!"

"सिस्टर बघतील. त्यांचं काम त्यांना करू दे. बस जा तिकडे."

मिरी परत फिरली. मोठ्या माणसानं इतक्या ठामपणे सांगितल्यावर आणखी काय करणार? मग पुन्हा पत्ते वाटले गेले, आणि मग काचेपलीकडे औषधांचा ट्रे खाली आदळल्याचा आवाज झाला. काडीची आई वळणावरून पळत येत होती. तिच्यामागे डॉक्टरबाई, त्यांच्यामागे कोणीतरी एक गाडी ढकलत आणत होतं. सगळे शेवटच्या खोलीत शिरले. दार लागलं.

दारावरचा दिवा तसाच जळत राहिला. बऱ्याच वेळानं कोणाच्या तरी लक्षात आलं आणि तो विझवला.

---

"झोपेतच गेले हो. सुटले बिचारे," भेटायला येणारा जो तो म्हणायचा. "काही त्रास झाला नाही, हे किती बरं!"

आई मान हलवायची, डोळे पुसायची आणि आत जाऊन चहा ठेवायची. मिरी मात्र रडत नव्हती. ती आजोबांच्या रिकाम्या खाटेकडे बघत बसायची. जेवायला बोलावलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. शेपूट तिच्या कुशीत शिरून हुंदके द्यायचा, तेव्हा ती त्याला थोपटायची. पण तिच्या स्वतःच्या डोळ्यांना जणू कुलूप लागलं होतं.

एके संध्याकाळी एक शेजारीणबाई म्हणाल्या, "शांतपणे झोपेत गेले म्हणे." आणि मिरीच्या तोंडून निघून गेलं, "झोपलेला माणूस बेल कशी दाबेल?"



"काय बोलतेस, मिरी?" आईनं विचारलं.

"त्यांचा दिवा लागला होता. आम्ही पाहिला. ते कोणालातरी बोलावत होते."

"हात लागला असेल चुकून, बाळा." आईनं पदर डोळ्यांना लावला. "नको ना आता तो विषय. मला सहन होत नाही."

मिरी गप्प बसली. पण प्रश्न काही गप्प बसेना.

आठवडाभरानं आई आजोबांचं सामान आणायला हॉस्पिटलात निघाली, तेव्हा मिरीही हट्टानं निघाली. अर्थातच शेपूटही! आई खालच्या ऑफिसात गेली आणि ही दोघं जिना चढून वर आली. भोंगा आणि काडी पायरीवर बसले होते. मिरीला बघताच भोंगा उठला.  तो एवढंच म्हणाला, "मी त्या दिवसापासून एकपण आवाज काढला नाही."

मिरीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिनं मनातलं सगळं सांगितलं.

"म्हणजे बेल वाजली, आणि आईनं ऐकली नाही?" काडीनं ताठ मानेनं विचारलं. "माझी आई झोपेतसुद्धा बेल ऐकते! घरी कुकरची शिट्टी झाली तरी 'आले, आले' म्हणून उठते!"

"तुझ्या आईला कुठे काय म्हणतेय मी? मी विचारतेय, बेल वाजली का?"

काडी विचारात पडली. "खरं सांगू? मागच्या सुट्टीत मी यायचे, तेव्हा दिवसभर टुंग-टुंग चालायचं. या सुट्टीत... मी ती एकदाही ऐकलेली नाही!"

"भूत!" भोंगा पुटपुटला. "बेल खाणारं भूत!"

"भूत नाही अन् बीत नाही," मिरी म्हणाली. "आपण बघूया. तुझे बाबा बटण दाबतील?"

भोंग्याचे बाबा भारी माणूस. आज त्यांचा चेहरा जरा ओढलेला होता, पण मुलांचा बेत ऐकून ते लगेच तयार झाले. "दाबतो की! कोणी आलंच तर सांगतो, डास मारायला बोलावलं. नाहीतरी हे प्लास्टर आज फार आवळतंय. कालपासून पोटरी अशी ठणकतेय की विचारू नका. बोटं बघा, टोमॅटोसारखी झालीत!"

"बाबा, डॉक्टरांना सांगितलंत का?" भोंग्यानं विचारलं.

"सांगेन रे संध्याकाळी. एवढ्या तेवढ्याला कशाला त्रास द्यायचा?"

काडी चित्रकलेची वही घेऊन टेबलापाशी जाऊन बसली. मिरी वळणावर उभी राहिली, म्हणजे तिला दोन्हीकडचं दिसेल. तिनं खूण केली. भोंग्याच्या बाबांनी बटण दाबलं. दारावर लाल दिवा लागला. मिरीनं काडीकडे बघितलं.

काडीनं सावकाश मान हलवली. आवाज नाही. काही म्हणजे काहीच नाही.

---

बेलचा डबा टेबलामागच्या भिंतीवर उंच होता, हे काडीला आठवत होतं. आता तिथे 'शांतता राखा'ची सगळ्यात मोठी पाटी लटकत होती. आणि पाटीखाली मॅनेजरसाहेब खुर्ची टाकून बसले होते.

"यांना हलवायचं कसं?" मिरी कुजबुजली.

भोंग्यानं खोल श्वास घेतला. "फक्त कामापुरता काढतो हं." तो जिन्यात गेला, आणि पुढच्याच क्षणी लिफ्ट अडकल्याचा आवाज मजलाभर घुमला. घरघर, खड्, खड्, आणि पाठोपाठ एका जाड्या बाईची किंकाळी, "अहो, कोणी आहे का!"

मॅनेजरसाहेब ताडकन उठले आणि बुटांची करकर करत धावले!

मिरी स्टुलावर चढली. शेपटानं दोन्ही हातांनी स्टूल धरलं. पाटी बाजूला सरकवली, तर मागे खरंच डबा होता. डब्याच्या जाळीत गच्च कापूस कोंबलेला, आणि वरून पांढऱ्या चिकटपट्टीचे वेढेच वेढे.

"कोणीतरी बेलचं तोंड बांधलंय!" मिरी कुजबुजली. आजोबा बटण दाबत होते. दाबतच राहिले असतील. आणि बेल इथे कापसात तोंड खुपसून गप्प. तिनं चिकटपट्टीला हात घातला.

"थांब," काडी म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती. "ते टोक बघ. आत दुमडलंय. आई नेहमी तसं करते. पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जावं म्हणून."

 तेवढ्यात करकर परत आली. मिरीनं कशीबशी पाटी सरळ केली आणि उडी मारली. तिघं जिन्यात पळाली.

"आत्ताच्या आत्ता सांगायचं सगळ्यांना!" मिरी धापा टाकत म्हणाली.

"नको!" काडीनं तिचा हात धरला. "आधी मला आईला विचारू दे. उद्यापर्यंत थांब. तिची नोकरी जाईल, मिरी! सगळे तिला काय काय बोलतील! आम्हाला दुसरं कोणी नाही."

"आणि मला आजोबा होते! ते बोलावत होते आणि कोणी गेलं नाही!"

"आईनं मुद्दाम नाही केलं!"

"मग कोणी केलं?"

"भांडू नका ना," भोंगा मध्ये पडला. कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही. काडी रडायला लागली होती. मिरीच्या मुठी आवळलेल्या होत्या. विश्रांतीची वेळ झाली होती आणि आत सगळं सामसूम होतं.

शेपूट काचेला नाक लावून उभा होता.

"भोंगादादा," तो म्हणाला, "तुझ्या बाबांचा दिवा लागलाय."

"आपण मघाशी लावलेला असेल," भोंगा म्हणाला.

"तो मी विझवून आले होते," काडी डोळे पुसत म्हणाली.

या वेळी कोणी पत्ते पिसत बसलं नाही, कोणी 'जाईल आत्ता' म्हटलं नाही. चौघांनी मिळून दरवाजा ढकलला आणि सगळी धावत सुटली.

---

भोंग्याचे बाबा पलंगावर अर्धवट वळले होते. एका हातात बटण घट्ट पकडलेलं, दुसरा छातीवर. श्वास असा वर वर, तुटक, की जणू कोणी नाक दाबून धरलंय. कपाळ घामानं निथळत होतं आणि ओठ निळसर.

"श्वास... येत नाही..." एवढंच ते बोलू शकले.

"बाबा!" भोंगा दारातच थिजला.

 मिरीचं डोकं अचानक स्वच्छ झालं. "काडी, काय करायचं?"

"बसतं करायचं! पलंगाच्या पायाशी दांडा आहे, तो फिरव. आडवं ठेवायचं नाही. उठू द्यायचं नाही, चालू द्यायचं नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही!" काडी भराभर बोलत होती. आईच्या मागे मागे फिरून तिच्या कानांवर सगळं पडलं होतं. "मी आईला आणते! ती पलीकडच्या वॉर्डात असेल!"

मिरी आणि शेपूट दांड्याला लोंबकळले. पलंगाचं डोकं करकरत वर आलं. मिरीनं बाबांच्या शर्टाची वरची बटणं सोडली. "काका, मी इथेच आहे. बोलू नका. हळू श्वास घ्या. येताहेत सगळे."

पण कोणी येत नव्हतं. कॉरिडॉरच्या वळणावर मॅनेजरसाहेबांनी काडीला अडवलं होतं. मिरी दारात धावली.

"धावायचं नाही, ओरडायचं नाही! किती वेळा सांगायचं?"

"काका, त्यांना श्वास घेता येत नाहीये!" काडी कळवळली.

"सकाळी तर हसत होते! गॅस झाला असेल. बेल दाबा, सिस्टर येतील."

"बेल वाजत नाही!" मिरी किंचाळली. "तिच्या तोंडात कापूस आहे! तुम्ही आत येऊन बघा तरी!"

साहेब गोंधळले. त्यांनी पाटीकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं, आणि ते जागचे हलले नाहीत. मिरीनं वळून भोंग्याचे दोन्ही खांदे धरले.

"भोंग्या, तो आवाज! यंत्राचा! काढ!"

भोंग्यानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. डोळे बाबांवर खिळलेले.

"ती थट्टा नाही आता. काढ!"

 आणि मग आवाज निघाला. "टिणिंग-टिणिंग-टिणिंग! टिणिंग-टिणिंग!" सगळ्या मजल्यावर, जिन्यात, वर, खाली! गालांवरून पाणी वाहत होतं आणि भोंगा ओरडत होता, थांबत नव्हता.

आणि माणसं आली! खालच्या मजल्यावरून डॉक्टरबाई दोन दोन पायऱ्या गाळत आल्या. पलीकडच्या वॉर्डातून काडीची आई हातमोजे तसेच घालून धावली. बाबांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क बसला, बोटाला चिमटा लागला, दंडात सुई गेली.

"कधी सुरू झालं?" डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं. "कोणी पाहिलं?"

"आत्ताच," मिरी म्हणाली. "श्वास येत नाही म्हणाले. छाती धरली होती. आणि कालपासून पोटरी ठणकत होती. प्लास्टर आवळतंय म्हणाले, बोटंही सुजलीत."

डॉक्टरबाईंचे हात क्षणभर थांबले. त्यांनी त्या बोटांकडे बघितलं. "पायात रक्ताची गुठळी झाली असणार, तीच सरकून फुप्फुसात गेलीय. चला, अतिदक्षता विभाग. लगेच!"

पलंगाची चाकं खडखडत गेली. कॉरिडॉर रिकामा झाला. भोंगा अजून पुटपुटत होता, "टिणिंग... टिणिंग..." शेपटानं जाऊन त्याचा हात धरला.

---

बाकावर बसून वाट बघणं फार अवघड असतं. नर्सच्या टेबलासमोर चौघं बसली होती, शेजारी काडीची आई होती, मॅनेजरसाहेब बाजूला उभे होते, आणि मिरीची आईही येऊन बसली होती. तिच्या मांडीवर आजोबांच्या सामानाची पिशवी होती. अखेर डॉक्टरबाई परत आल्या.

"औषध लागू पडतंय," त्या भोंग्याला म्हणाल्या. "धोका पुरता टळलेला नाही, पण आता ते श्वास घेताहेत. आणखी उशीर झाला असता तर मी हे सांगू शकले नसते. पण मला एक कळत नाही. त्यांच्या हातात बटण होतं. मग बेल का नाही वाजली?"

मिरीनं काडीकडे बघितलं. काडीनं डोळे मिटून घेतले. 

तेवढ्यात काडीची आई उठली. तिनं स्टूल ओढलं, वर चढली, पाटी काढून खाली ठेवली आणि दुमडलेलं टोक धरून चिकटपट्टी ओढली. कापसाचा बोळा जमिनीवर पडला.

"हे मी केलं," ती म्हणाली.

"मी फक्त आवाज कमी करा म्हटलं होतं!" मॅनेजरसाहेब घाईघाईनं बोलले.

"हो. एका खोलीचं बटण बिघडलं होतं. बेल दिवसभर वाजत राहायची, पाहुणे तक्रार करायचे. माणूस पाठवा, दुरुस्त करा, म्हणून मी सांगून सांगून थकले. साहेब म्हणाले, तोवर बांधून टाका. मी नको म्हटलं. मग एक दिवस बांधली. दिवे बघत फिरेन, असं ठरवलं होतं. दोन वॉर्ड आणि मी एकटी. जमलं नाही." ती स्टुलावरून उतरली आणि मिरीसमोर खाली बसली. "मिरी, तुझ्या आजोबांनी बोलावलं होतं. ते झोपेत गेले नाहीत. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

मिरीच्या आईनं तोंडावर पदर घट्ट दाबला.

"बेल वाजली असती तर ते वाचले असते का?" मिरीनं डॉक्टरबाईंना विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "खोटं सांगणार नाही तुला. मला माहीत नाही. त्यांचं हृदय फार थकलं होतं. कदाचित नसते वाचले." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "पण ते एकटे नसते."

 मिरीच्या आईनं तिला जवळ ओढलं. "तू सांगत होतीस," ती म्हणाली, "आणि मीच तुला गप्प केलं."

---

त्यानंतर चौकशी सुरू झाली. मॅनेजरसाहेबांना जावं लागलं, आणि काडीच्या आईला निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं. बेल नवी आली, आणि वळणावरही एक दिवा बसला, म्हणजे टेबलापाशी बसलेल्याला सगळं दिसावं. दुपारी पेशंटजवळ एक तरी आपलं माणूस थांबेल, असा नियम झाला. भोंग्याचे बाबा काठी टेकत चालायला लागले, तेव्हा हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना खालच्या सभागृहात बोलावलं.

"आम्ही इतकी वर्षं शिकलो," ते म्हणाले, "आणि आमच्या नाकाखाली बेल मुकी झालेली आम्हाला कळली नाही. ती या मुलांनी शोधली. संकट ओळखलं, पेशंटला नीट बसवलं, काय झालं ते नेमकं सांगितलं, आणि मदत येईपर्यंत त्याची साथ सोडली नाही. शाबास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंग्याच्या बाबांनी तर शिट्टीच मारली! मिरीला पुस्तकं मिळाली, शेपटाला रंगपेटी. मिरी हसली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. पण तिचे डोळे गर्दीत काडीला शोधत होते.

"आम्ही चौघं होतो," ती एकदम म्हणाली. "काय करायचं ते काडीनं सांगितलं. आणि पट्टी तिच्या आईनं स्वतःहून काढली. आम्ही नाव घेतलं नव्हतं. हे पण सांगा ना सगळ्यांना."

 "सांगतो," मोठे डॉक्टर म्हणाले. "चौकशी करणाऱ्यांनाही सांगतो."

कार्यक्रम संपल्यावर मिरी आईला म्हणाली, "मला काडीकडे जायचंय." आईचा चेहरा कसनुसा झाला. पण ती म्हणाली, "जा. मी कोपऱ्यावर थांबते."

दार काडीनं उघडलं. मिरीला बघून ती दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. "आई कोणाशी बोलत नाही," ती हळूच म्हणाली. "नुसती बसून असते."

आत काडीची आई खिडकीपाशी बसली होती. अंगावर साधे कपडे होते, म्हणून ती वेगळीच कोणी वाटत होती. मिरीला बघताच ती उठली, पण तिला पुढे येववेना.

मिरीला रागवायचं होतं. येताना तिनं मनात खूप काही ठरवलं होतं. पण आता समोर ती बाई बघितल्यावर ते सगळं कुठेतरी गेलं आणि एकच प्रश्न उरला.

"मावशी, तुम्ही आत गेलात तेव्हा आजोबा कसे होते? मला कोणी सांगत नाही. मला खरं ऐकायचंय."

काडीच्या आईनं खुर्चीची पाठ धरली. "दाराकडे तोंड करून होते," ती म्हणाली. "डोळे उघडे होते. आम्ही खूप प्रयत्न केले. छाती दाबली, झटके दिले. मग डॉक्टरबाई थांबा म्हणाल्या. सगळे गेले. मी मागे राहिले. त्यांचे डोळे मिटले, तोंड पुसलं. आणि... केस विस्कटले होते त्यांचे. रोज सकाळी आरसा मागून भांग पाडायचे ना? तुमची आई येण्याआधी मी पाडला. डावीकडून."

मिरीनं मान हलवली. डावीकडूनच. एवढंच तिला म्हणायचं होतं, पण तोंडातून निघाला तो हुंदका. मग दुसरा. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. ती तिथेच, दारात, पायपुसण्यावर बसून रडायला लागली. काडीची आई धावत आली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. काडी दुसऱ्या बाजूला बसली.

"मी चुकले गं," काडीची आई पुन्हा पुन्हा म्हणत होती.

 मिरीनं आपलं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं, आणि बराच वेळ ते तिथून उचललं नाही.